पाणघोड्याचा उरलेला डोळा

मी पाणघोड्याचा डावा डोळा बोलतोय. डोळे बोलतात असं तुम्हीच म्हणता, तेव्हा हसू नका. अर्थात मी काही खराखुरा डोळा नव्हे. अंगठ्याच्या नखाएवढा स्टिकर आहे, आणि माझा पाणघोडा प्लॅस्टिकचा आहे. पांढऱ्यावर काळं बुबुळ आणि वर एक पापणी, एवढाच माझा पसारा. मागे मात्र डिंक आहे, आणि माझं सगळं आयुष्य त्या मागच्या बाजूवर चाललंय.

माझा जन्म छापखान्यातला. तिथून मी गुळगुळीत कागदाला चिकटून, भावंडांसोबत खेळण्यांच्या कारखान्यात आलो. तिथल्या टेबलाशी जाड चष्म्याच्या एक बाई बसायच्या. साच्यातून निघालेलं प्लॅस्टिक दिसतं कोरडं, पण असतं निसरडं. म्हणून त्या आधी स्पिरिटच्या फडक्याने पाणघोड्याचे गाल पुसायच्या, मग आम्हाला चिमट्याने उचलायच्या. डिंकाला बोट लागू द्यायच्या नाहीत. मधून कडांकडे दाबत नेलं की वर अंगठा ठेवून थांबायच्या. शेजारची म्हणायची, अगं झपझप उरक, आपल्याला घरी जायचंय ना? त्यावर बाई म्हणायच्या, “ऊब लागल्याशिवाय कुणी कुणाला धरून राहत नाही गं.” हे वाक्य मी जन्मभर जपलं.

आमचा पहिला मालक स्वभावाने चांगला, पण नखांनी वाईट होता. अभ्यासाचा कंटाळा आला की तो माझ्या जुळ्या भावाची, उजव्या डोळ्याची, कड खरवडत बसायचा. शेवटी भाऊ निघाला. काही दिवस न्हाणीघराच्या दाराला चिकटलेला दिसला, मग तिथूनही गेला. मला फार वाईट वाटलं, पण रडायला डोळाच काय तो एक उरला होता.

पुढे लहान झालेल्या कपड्यांच्या पिशवीतून आम्ही त्या मुलाच्या मावसबहिणीकडे आलो. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. ठरायची ती फक्त पाणघोड्याला कुशीत घेतल्यावर. रात्री स्वयंपाकघर आवरता आवरता आई हाक मारायची, “भिंगरे, डोळा लागला का गं?” भिंगरी बोटाने मला चाचपायची आणि ओरडून सांगायची, “लागलाय!” आई हसायची. तिला वाटे, पोरगी चेष्टा करतेय. खरं तर पोरगी माझी तपासणी करत असे, आणि मी जागेवर आहे म्हटल्यावर निश्चिंत झोपत असे.

मग आईला कामाच्या प्रशिक्षणासाठी काही आठवडे परगावी जावं लागलं. निघताना तिने भिंगरीच्या हातात पाणघोडा दिला. “याला आता एकच डोळा उरलाय,” ती म्हणाली. “डोळ्यात तेल घालून जप हं.”

भिंगरी आईच्या शब्दाबाहेर नव्हती. त्याच संध्याकाळी तिने केसांच्या तेलाची बाटली काढली आणि माझ्यावर एक थेंब सोडला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तेल माझ्या कडेने आत शिरलं आणि डिंक नुसता बुळबुळीत झाला. तिचं बोट इतकं मायेने फिरायचं की तिला दोष कसा द्यावा? एका सकाळी मी उशीवर पडलेला होतो.

तिने मला मुठीत लपवलं. त्या रात्री फोनवर आईने नेहमीचं विचारलं, तेव्हा भिंगरीने फोन बाबांच्या हातात दिला, आणि ती बराच वेळ जागीच राहिली. पुढे रोज तेच. शाळेत तिला पेंग येऊ लागली. बाईंनी बाबांना बोलावून घेतलं आणि मग माझा शोध लागला.

बाबांचा चिकटपट्टीवर भारी विश्वास. घरातली छत्री, रिमोट, त्यांचा स्वतःचा चष्मा, सगळं चिकटपट्टीवर तग धरून होतं. त्यांनी मला चिकटपट्टी लावली, मग डिंक लावला, मग आणखी डिंक. मी प्रत्येक वेळी घसरगुंडीवरून यावं तसा खाली. शेवटी ते वैतागले. मला तळहातावर घेऊन केराच्या डब्याशी गेले आणि म्हणाले, “टाकून देऊ हा. मी पेनाने मस्त डोळा काढतो त्याचा.”

डोळा काढतो म्हटल्यावर भिंगरीने पाणघोड्याला उराशी धरलं आणि ती पलंगाखाली शिरून रडू लागली. मी केराच्या डब्यावर अधांतरी. तेवढ्यात आत्या आली.

आत्या मोबाइलच्या दुकानात दिवसभर फोनवर काचा चिकटवते. तिने मला बाबांच्या हातून काढून घेतलं आणि नाकाशी धरलं.

“दादा, याला तेलाचा वास येतोय.”

बाबांना काहीच माहीत नव्हतं. उत्तर पलंगाखालून आलं. “मी घातलं. आईनेच सांगितलं होतं. रोज घातलं, तरी पडला.”

आत्याला हसू आलं होतं, ते तिने गिळलं. बाबा मात्र तिथेच फरशीवर बसले, आणि हात लांबवून भिंगरीला त्यांनी बाहेर घेतलं.

मग आत्याने पाणघोड्याचा गाल साबणाने धुतला, खडखडीत कोरडा केला, स्पिरिटने पुसला. माझी पाठ साफ केली, पातळसा नवा गोंद लावला, आणि मधून कडांकडे दाबत मला जागेवर बसवलं. “आता तू अंगठा ठेव,” ती भिंगरीला म्हणाली. “उद्यापर्यंत पाणी नाही, तेल तर कधीच नाही.” त्या इवल्या अंगठ्याखाली मला चष्म्याच्या बाई आठवल्या. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

भिंगरी बाबांच्या मांडीवरच कलंडली. फोन वाजला. आईने विचारलं, “लागला का तिचा डोळा?”

बाबा हळूच म्हणाले, “दोघांचाही लागला.” मग त्यांनी तेलाची सगळी गोष्ट सांगितली.

त्यालाही आता वर्षं झाली. मी पिवळा पडलोय, पापणीची कड जराशी उचललीय. तुमच्या घरी अशी कड दिसली तर नख लावू नका. पुसा, कोरडं करा, आणि अंगठा ठेवून जरा थांबा. आम्हाला तेवढं पुरतं.

परवा भिंगरी शिकायला परगावी गेली. बॅग दाराशी ठेवून ती परत आत आली आणि तिने पाणघोडा आईच्या हातात दिला. “याला जप हं,” ती म्हणाली. “तेल मात्र घालू नकोस.”

आता रात्री स्वयंपाकघर आवरलं की आई येऊन माझ्यावर अंगठा ठेवते. मी घट्ट लागलेला असतो. तिचा डोळा मात्र लवकर लागत नाही.