सूनबाईचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कागदाच्या चिठ्ठ्या करणारी नव्हे. शिंप्याच्या टेबलावरची, वीतभर पात्यांची, हातात घेताच मनगटाला वजन कळावे अशी. लोहाराने मला घडवताना कोणतीही कसूर ठेवली नव्हती. दोष घडणीत नव्हता. तो कोठे होता, हे सांगण्यासाठीच आज तोंड उघडले आहे. एरवी माझे तोंड उघडले की काहीतरी कापलेच जाते.

माझे धनी मास्तर. त्यांच्या उजव्या हातात मी पंचवीस वर्षे वावरले. जाड कापडाचे चार थर मी असे कापीत असे की गिऱ्हाईक मापे द्यायचे विसरून पाहत राही. पुढे मास्तरांची नजर मंदावली. एका सकाळी त्यांनी मला सुनेच्या ओंजळीत ठेवले.

"सूनबाई, हिला आजवर कुणाला हात लावू दिला नाही. सांभाळ."

तिने मला कपाळाला लावले आणि डाव्या हातात धरले. ती डावखुरी होती.

येथे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. मी उजव्या हाताची कात्री आहे. उजवी मूठ मिटली की माझी पाती एकमेकींना बिलगतात. डावी मूठ मिटली की ती फाकतात, आणि कापड कापले न जाता मध्येच दुमडते. ते टाळायचे तर अंगठा उलट रेटावा लागतो. शिवाय खडूची रेघ पात्याआड दडते, म्हणून मान वाकडी करून डोकावावे लागते. अंगठा घालायची माझी कडीही उजव्या अंगठ्याच्या बेताने तिरपी. डाव्याच्या बुडाशी ती रुतत असे. मला हे पहिल्याच दिवशी कळले. लोखंडाला वाचा नसते.

तिच्या हातून कापड चावले जाऊ लागले, तेव्हा मास्तर म्हणाले, "पेच ढिला झालाय." त्यांनी तो आवळला. पाती जवळ आली खरी, पण मी जड झाले, आणि तिला दुप्पट जोर लावावा लागला.

"मामंजी, अंगठ्याच्या बुडाशी ठणकतं हो."

"नवा हात आहे. माझाही ठणकायचा. रुळेल."

मास्तर खोटे बोलत नव्हते. त्यांचा ठणका वर्षभरात थांबला होता. हिचा नऊ वर्षे वाढत गेला. शिलाई मशीनवर बसलेला नवरा तिच्या वाकड्या मानेची चेष्टा करी.

"कापडाशी काय गुजगोष्टी चालल्यात? कान लावून बसलीयस ती!"

"कापड तरी ऐकतं माझं," ती म्हणे.

तो हसे. ती कात्री खाली ठेवून उजव्या हाताने डावा अंगठा चोळी, आणि पुन्हा मला उचली. हळूहळू तिला डब्याचे झाकण उघडेना, ओले कपडे पिळवेनात. घरात सर्वांचे एकमत होते की सूनबाईचा हातच नाजूक. एकमत झाले म्हणजे ते सत्य असते, असे मात्र नाही.

दहाव्या वर्षी दारावर एक नवा धारवाला आला. त्याने मला उघडून उजेडात धरले.

"पातं पेचाजवळ एकाच अंगानं घासलंय. कापतं कोण? डावखुरं आहे का कुणी?"

"मी," सूनबाई म्हणाली.

"अहो ताई, ही उजव्या हाताची. डाव्याची वेगळी मिळते."

मशीन थांबले. मास्तर उसळले. "कात्रीला कसला आलाय डावा-उजवा? उभा जन्म गेला माझा या धंद्यात!"

"तुम्ही उजवे, मास्तर. तुम्हाला कळायची वेळच आली नाही."

चौथ्या दिवशी मास्तर स्वतः जाऊन डाव्या हाताची कात्री घेऊन आले. सूनबाईने पहिला काप घेतला. मान ताठ होती.

"अगंबाई, रेघ दिसते की!" ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

दुसऱ्या कापाला तिच्या अंगठ्यातले बळच गेले. नवी कात्री टेबलावर आदळली. डॉक्टरांनी सांगितले, सांधा झिजला आहे. विश्रांतीने दुखणे कमी होईल, झीज भरून येणार नाही. डॉक्टरांकडे जाण्याआधी, कात्री पडली तेव्हाच, मास्तर चाचरत तिला म्हणाले होते, "राहू दे आज. उद्या कर."

"मामंजी, उद्याही अंगठा हाच असणार."

आता ती कापडावर फक्त खडूच्या रेघा आखते; कापते दुसरे कोणी. मी खिळ्याला टांगलेली आहे. कोणी नवा कारागीर आला की मास्तर आधी विचारतात, "कोणता हात चालतो तुमचा?" प्रश्न बिनचूक आहे. तो ऐकताना सूनबाई मान वर करत नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझ्यासारख्या कात्र्या पुष्कळ मिळतात. एवढेच मागते, की कोणी "दुखतं" म्हणाले तर त्याचा हात नाजूक ठरवण्याआधी त्या हातातले हत्यार तपासा. आणि ते त्याच दिवशी तपासा.