दोन्ही हात मोकळे

"ताई, आज दुसऱ्यांदा?" खुर्चीतल्या आजोबांनी हात मागे घेतला. "अहो, तुमची सुई टोचली तरी कळत नाही, म्हणून वाटेतल्या दोन लॅब सोडून मी इथवर येतो."

"चुकलं आजोबा. शीर सरकली."

शीर कुठेही सरकली नव्हती. ती होती तिथेच, निळी, ठसठशीत, आंधळ्यालाही सापडावी अशी. थाऱ्यावर नव्हतं ते टोचणारीचं मन. सव्वीस वर्षं ती या एकाच खिडकीपाशी बसून लोकांचं रक्त काढत आली होती. तिचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. बाकी साऱ्यांसाठी ती सुईताई. रडकी पोरं, दांडगे पैलवान, सुईचं नाव काढताच पांढरे पडणारे साहेब, सगळे तिच्यासमोर हात पुढे करत आणि "झालं?" असं नवलानं विचारत उठून जात. त्या सुईताईनं आज सकाळपासून तिघांना दोनदा टोचलं होतं.

"लक्ष कुठंय गं तुझं?" काउंटरवरच्या बाई आत डोकावल्या. दोघी एकाच वर्षी लॅबमध्ये लागलेल्या. "सारखी घड्याळाकडे बघतेयस. गाडी चुकतेय की काय?"

"संध्याकाळी सहाला मुलाचा फोन येणार आहे."

"मग त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हे सांगायचं तर फार मागे जावं लागलं असतं.

मुलगा जन्मापासून बहिरा. आता दूरच्या शहरात एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होता. घरात तिघांची मिळून एक भाषा झाली होती, थोड्या शाळेत शिकवलेल्या खुणा आणि बऱ्याचशा घरीच जमलेल्या. चष्मा वर सरकवल्यासारखं केलं की बाबा. पोटावर दोन टिचक्या मारल्या की शेजारच्या काकू. त्या काकूंना अजून कळलेलं नव्हतं ते बरं. मुलगा लांब गेल्यावर बोलणं फोनवर आलं, समोरासमोर दिसणाऱ्या फोनवर. हातानं बोलायचं तर फोन धरायचा कोणी? ती बोलायची तेव्हा नवरा धरायचा. स्टुलावर बसून, दोन्ही हातांनी फोन छातीशी घट्ट. अर्धा तास झाला की कुरकुरायचा, "आटपा आता, माझी खुंटी झालीय!" पण हात हलू द्यायचा नाही.

आठ महिन्यांपूर्वी सकाळी चहाचा कप हातात असतानाच तो गेला. डॉक्टर येऊन मान हलवून गेले. माणसं जमायच्या आत तिनं मुलाला फोन लावला. असली गोष्ट लिहून कळवायची नसते, असं तिला वाटलं. डाव्या हातात फोन धरला आणि उजव्या हातानं सांगितलं.

'गेले' ही त्यांची खूण दोन हातांची. तळवे जुळवून कुशीला आडवे करायचे, आणि मग उघडून पालथे घालायचे. एका हाताची ती खूण म्हणजे 'झोपले'. ती रडत होती, पण त्याला पडद्यावर दिसत होता तिचा कान आणि अर्धा गाल. मुलानं मान डोलावली. 'बरं', म्हणाला.

नातेवाईक विचारत होते, "मुलाला कळवलं ना?" ती सांगत होती, "कळवलं. निघाला असेल." दुपार कलली. मोठी माणसं म्हणाली, आता फार वेळ थांबता यायचं नाही. संध्याकाळी सगळं आटोपून माणसं परतली आणि फोन वाजला. मुलगा हसत होता. चष्मा वर सरकवून त्यानं विचारलं, 'बाबा उठले का?'

दुसऱ्या दिवशी तो आला. तीन दिवस राहिला. त्या तीन दिवसांत त्यानं आपले हात खिशातून फारसे बाहेर काढले नाहीत. आईनं मुद्दाम लपवलं, असं त्यानं मनाशी धरलंय, हे तिला कळत होतं. समजवायला गेलं की तो मान फिरवायचा. आणि ज्याचे कान डोळ्यांतच असतात, त्यानं मान फिरवली की बोलणंच संपलं. नंतर तिनं पत्र लिहून पाहिलं. ते त्याला पोचलं, एवढंच कळलं.

तेव्हापासून फोनवर एका हाताचं बोलणं चाललं होतं. जेवलास? बरा आहेस? झोप. एकदा तिनं शेजारच्या काकूंना फोन धरायला बसवलं, तर काकू दर मिनिटाला फोन स्वतःकडे वळवून "हॅलो बाळा!" म्हणून ओरडायच्या. पुढे ती फोन डाळीच्या बरणीला टेकवू लागली. काल त्यानं आपण होऊन चष्म्याची खूण केली. मग बोटानं कपाळावर प्रश्नचिन्हाचा आकडा काढला, म्हणजे 'का?' ती उत्तर द्यायला हात उचलते तोच फोन घसरून आडवा झाला. उचलेपर्यंत समोर काळोख. थोड्या वेळानं तीनच शब्द आले : उद्या सहाला बोलू.

हे सगळं न सांगता ती काउंटरवरच्या बाईंना एवढंच म्हणाली, "फोन ठेवायला काहीतरी घट्ट हवंय गं. घसरतो सारखा."

"मग ट्रायपॉड घे ना! माझी सून स्वयंपाकाचे व्हिडिओ काढते, तिच्याकडे आहे. कॅमेऱ्याच्या दुकानात जा. रस्त्यावरून घेशील तर चार दिवसांत लंगडा होईल."

दोनला सुटल्यावर ती न जेवताच दुकानात गेली. पाकिटात दीड हजार होते आणि पगाराला अजून नऊ दिवस.

दुकानदार टकला, जाडजूड भिंगाचा माणूस. काचेमागे बसून एक लेन्स पुसत होता. "कॅमेरा कोणता तुमचा?"

"फोन."

"हं. रील्स करता?"

"हो," ती पटकन म्हणाली आणि खोटं बोलल्यानं तिचे कान तापले.

त्यानं एक गुलाबी पिशवीतला, उंच, चकचकीत ट्रायपॉड काढून झटक्यात उभा केला. "आठशे. वजनाला पिसासारखा. बायका हाच नेतात."

तिनं आपला फोन त्यावर लावून घेतला, दोन पावलं मागे सरली आणि टाच जराशी आपटली. ट्रायपॉड वाऱ्यावरच्या गवतासारखा डोलला.

"नको. हलतोय."

"अहो, आपटल्यावर हलणारच."

"माझ्या घराची जमीन फळ्यांची आहे. मी बोलताना हलते."

दुसरा आला. तो छातीएवढा उंच करायचा तर मधली दांडी पार वर ओढावी लागे, आणि फोन लावताच मान खाली घाले. तिसरा काळा, भक्कम, तिनं ढकलूनही न हलणारा. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. किंमत ऐकली आणि ते मावळलं. साडेचार हजार.

भिंतीवर साडेतीन वाजले होते. घरी पोचायला सव्वा तास. तिनं पदरानं मान पुसली, पाकीट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, जणू तेवढ्यात आतले पैसे वाढणार होते.

"ताई, एक विचारू?" दुकानदारानं लेन्स खाली ठेवली. "रील्सवाले रंग विचारतात, दिवा आहे का विचारतात. तुम्ही नुसतं हलतो का, एवढंच बघताय. नक्की कशासाठी हवाय?"

तिला तोंडानं सांगता येईना, म्हणून तिनं दोन्ही हात उचलले आणि हवेत एक वाक्य बोलून दाखवलं. मग तोंडानं म्हणाली, "माझ्या मुलाला ऐकू येत नाही. तो असं बोलतो. मला दोन्ही हात मोकळे हवेत, आणि कमरेपासून डोक्यापर्यंत दिसायला हवं. आज सहाला."

दुकानदारानं स्टूल घेऊन माळ्यावर हात घातला आणि धुळीनं पांढरा झालेला एक जुना ट्रायपॉड खाली काढला. लोखंडासारखा जड. "एका लग्नाच्या फोटोग्राफरनं विकायला ठेवलाय. वर्ष झालं, कोणी घेत नाही. याचं डोकं अडकलंय. कॅमेरा डावीउजवीकडे फिरत नाही."

"मला कुठे फिरवायचाय?"

"तेच म्हणतो मी." तो पहिल्यांदा हसला. "तुम्हाला नको त्या गोष्टीचे पैसे कशाला द्यायचे? बाराशे. फोनची पकड माझ्याकडून. एक मात्र ऐका, उंची आधी पायांनी घ्यायची. जाड पाय पहिले उघडायचे, बारीक शेवटी. मधली दांडी उचलायचीच नाही. आणि पाय फाकवताना कंजुषी नको."

तिनं टाच आपटली. मग दुसऱ्यांदा, जोरात. काउंटरवरची काच थरथरली. ट्रायपॉड नाही.

घरी पोचायला पाच वाजले. खांदा भरून आला होता. एक पाय कसा उघडतो ते तिला आठवेना. घाईघाईत बोट चिमटलं, रक्त आलं, ते तसंच तोंडात धरून तिनं तिन्ही पाय फाकवले. खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळा दिसेल, म्हणून सगळं ओढून उलट्या बाजूला नेलं. काकूंनी दार वाजवलं तेव्हा "नंतर या हो!" म्हणून आतूनच ओरडली. मग उभी राहिली. बसली. पुन्हा उभी राहिली. सहाला तीन मिनिटं, दोन मिनिटं. सहा वाजून गेले. सहा वाजून सात मिनिटांनी पडदा उजळला.

मुलगा छापखान्याच्या मागच्या भिंतीशी उभा होता, फोन समोरच्या कागदाच्या गठ्ठ्यांवर टेकवून. त्यानं हात उचलायच्या आधीच तिनं उचलले.

'आधी मी बोलते. मान फिरवू नकोस.'

आणि तिनं सांगितलं. चहाचा कप, डॉक्टर, तो फोन. ती खूण एका हातानं करून दाखवली, मग दोन हातांनी. तळवे उघडून पालथे घातले. 'मी लपवलं नाही. मी एकाच हातानं बोलले. दुसऱ्या हातात तू होतास.'

तो बघत राहिला. त्याचे हात खाली लोंबत होते. ती थांबली नाही. लोकांनी विचारलं तेव्हा तो निघालाय असं आपण सांगत राहिलो, दाराकडे बघत राहिलो, हेही सांगितलं. हात दुखू लागले तेव्हा थांबली.

मग त्यानं स्वतःचे तळवे जुळवले. कुशीला आडवे केले. उघडले, पालथे घातले. ती खूण त्यानं आठ महिन्यांत पहिल्यांदाच केली होती. शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं आणि बोटानं तिला खुणावलं, 'मागे सर.'

ती एक पाऊल मागे सरली.

'अजून.'

अजून सरली. पाठ भिंतीला टेकली. आता ती त्याला डोक्यापासून पावलांपर्यंत दिसत होती.

'बारीक झालीस', तो म्हणाला.

तिनं हात दोन्ही बाजूंना सोडले आणि त्याला हवं तेवढा वेळ बघू देत ती भिंतीशी उभी राहिली.