बाळापूरचा शनिवारचा कॉल

अमरावतीच्या आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर बंडूची चहाची टपरी हाय. तिच्यापुढच्या बाकावर रोज संध्याकाळी आमी चारपाच रिटायर माणसं बसतो अन् देश चालवतो. त्या दिवशी विषय निंघाला मोबाइलचा. बंडू म्हणे, "काल बायकोसोबत घरात नुसतं कुकरचं बोललो, तं सकाळपासून फोनवर निरे कुकरच येऊन राहिले. तीन लिटरचा, पाच लिटरचा. आता सांगा, हा फोन ऐकते का नाही?"

"ऐकते म्हणजे? सारं ऐकते!" महादेवराव गुरुजी उसळले. "कंपनी ऐकते, सरकार ऐकते. तुले वाटते तू कुकर पसंत केला. अरे, त्याहिनं आधीच ठरवलं, बंडूच्या गळ्यात कोणता मारायचा! अन् आपण सरकारले एक साधी गोष्ट विचारली, तं म्हणते गुप्त हाय. आपलं सारं उघडं, त्याहिचं सारं झाकलेलं."

मंग माझ्याकडे वळले. "काहून माणिकबाई, तुमी तं टेलिफोनात ऑपरेटर होत्या. तुमीही ऐकत असान लोकायचं."

"तोंड सांभाळून बोला गुरुजी," मी म्हटलं. "पस्तीस वर्सं नोकरी केली. गुप्ततेच्या शपथेवर सही केली हाय मी. एक शब्द ऐकला नाही कोणाचा."

साफ खोटं बोलली मी. अन् बोलली कोणापुढे, तं महादेवरावापुढे!

आता सांगून टाकते. माझे बाबा, धर्मपाल तायडे, अकोल्याच्या जिनिंगात हमाली करत. मले टेलिफोनची ऑर्डर आली तवा त्याहिनं तो कागद साऱ्या वस्तीत फिरवला. साहेबानं शपथ वाचायले देली त्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून दाराशी उभे होते. बाहेर आल्यावर म्हणे, "माणिक, लोकायचं बोलणं म्हणजे लोकायची अमानत. हात लावायचा नाही." अन् मी लावला नाही. ट्रंक कॉल जोडला की क्षणभर बोर्डावरची ऐकायची चावी उघडून पाहायची, दोन्हीकडचा आवाज लागला की बंद करायची. सारे तसंच करत, मीही करे. फक्त शनिवारी साडेबाराले नाही.

शनिवारी साडेबाराले आमच्या अकोल्याच्या बोर्डावर बाळापूरवरून एका मास्तराचा कॉल ये. अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तो पोस्टात येऊन बसे. कॉल जाये अमरावतीले, नर्सांच्या होस्टेलवर, दुर्गाबाईच्या नावानं. नवीन लग्न झालेलं, नवरा बाळापूरच्या शाळेत, बायको अमरावतीच्या दवाखान्यात, अन् दोघाइची बदली एका गावाले होत नव्हती. सन एकोणऐंशीची गोष्ट. मी चोवीस वर्साची होती. पहिल्या शनिवारी वाटलं, आता गोड गोड ऐकायले भेटीन. कायचं काय! "हॅलो दुर्गा, पेपर वाचला का? हे सरकार पडते पाहा!" तीन मिनिटं निरं सरकार. सरकार झालं की कांद्याचे भाव. कांदा झाला की रेडिओ कोणता घ्यावा, दोन बँडचा की तीन बँडचा. त्या एका रेडिओत आमचे चार शनिवार गेले. ती बाई नुसती "हूं", "हो का", "मंग?" करे. पण असं "मंग?" करे की मलेही वाटे, मंग काय झालं बाप्पा? चावी बंद करायले हात जाये, अन् तथीच थांबे. दोन वर्सं मी त्या शनिवाराची वाट पाहिली. माझं लग्न काही जमलं नाही. खरं सांगते, त्या दोघाइचं बोलणं ऐकलं की मले घरी गेल्यासारखं वाटे. मंग त्याहिची बदली झाली, अन् कॉल बंद पडला. पुढचे किती तरी शनिवार साडेबाराले मले कसंनुसं होये.

मागच्या दिवाळीत महादेवराव गुरुजी पोराकडे, अमोलकडे, राहायले आले. दुर्गाबाई जाऊन चार महिने झाले होते. पहिल्याच दिवशी बाकावर बसले अन् सरकारचा उद्धार सुरू केला. माझा चहा हातात तसाच राहिला. आवाज जाड झाला होता, पण तोच. सांगावं वाटलं. पण सांगू काय? तुमच्या बायकोचं बोलणं मी चोरून ऐकत होती म्हणू? उद्या सांगीन, उद्या सांगीन करता करता आठ महिने गेले. या वयात चहाले सोबती भेटत नाहीत, अन् हा माणूस मले गमवायचा नव्हता.

कुकरच्या गोष्टीनंतर आठ दिवसांनी गुरुजी एक कागद घेऊन आले.

"बाई, दुर्गाचे दीडशे फोटो हायेत अमोलच्या फोनात. आवाज एकही नाही. फोन समोर धरला की ती नुसती हात जोडे. मंग माझ्या डोक्यात आलं, बाळापूरवरून मी दर शनिवारी सरकारले शिव्या घालत होतो. सरकारनं माझा कॉल टेप केल्याशिवाय सोडला असन काय? कुठी तरी कपाटात तिचा आवाज पडला असन. म्हणून माहितीचा अधिकार टाकला."

उत्तर एका ओळीचं होतं. सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.

"दडवून राहिले!" गुरुजी म्हणे.

बंडू चहा गाळता गाळता हसला. "गुरुजी, सरकारले तुमचं इतकं काय पडलं होतं?" अमोल न्यायले आला होता, तोही कानकोंडा झाला. "बाबा, सोडा ना आता. लोकं हसून राहिले."

"हसू दे. मी अपील टाकलं हाय. मंगळवारी अकोल्याले सुनावणी हाय." मंग माझ्याकडे पाहून म्हणे, "बाई, तुमी साक्षीले चाला. फक्त इतकंच सांगा की लाइन मधात ऐकता येत होती. तुमच्यासारख्या इमानदार बाईचं ते ऐकतीन."

इमानदार! कोणी थोबाडीत मारली असती तं बरं झालं असतं.

मंगळवारी बडनेऱ्यावरून गाडी धरली. गुरुजीनं इस्त्रीचा सदरा घातला होता, मांडीवर फाइल. मूर्तिजापूर गेलं तरी माणूस गप्प. सरकारवरही बोलेना. मले धाक पडला.

"तब्येत बरी हाय ना गुरुजी?"

"बाई, आवाज तं पाहिजेच," ते खिडकीबाहेर पाहून म्हणे. "पण खरं कारण अलग हाय. अमोललेही नाही सांगितलं. आठवड्यातून तीन मिनिटं भेटत आमाले. अन् ते मी कशात घालवले? सरकार, कांदे अन् रेडिओ. ती गेल्यापासून एकच गोष्ट डोकं खाते. तू कशी हायेस, हे मी तिले कधी विचारलं का? मले आठवतच नाही. टेप सापडली तं कळन. एकदा जरी विचारलं असन ना बाई, तरी माझ्या जिवाले बरं वाटन."

मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड फिरवलं. कारण मले माहीत होतं. शंभरेक शनिवार झाले असतील. एकदाही नाही.

अपिलाच्या अधिकारी प्रतीक्षा मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या. पोरीनं आधी पाणी मागवलं, गुरुजीले पंख्याखाली बसवलं. मंग म्हणाली, "काका, तेव्हा रोज हजारो कॉल व्हायचे. तुमचा कॉल कोणी टेप केलेला नाही. असता, तर मी स्वतः तुम्हाला ऐकवला असता. लपवण्यासारखं काही नाहीच आमच्याकडे."

"असं कसं नाही? या बाईले विचारा. या अकोल्याच्याच ऑपरेटर."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मावशी, हे कॉल कोणी ऐकत होतं का?"

नाही म्हटलं असतं तं सुटली असती. गुरुजी घरी गेले असते अन् मरेपर्यंत सरकारचं कपाट शोधत राहिले असते. माझे बाबा आठवले. पण गुरुजी फाइलमधले कागद पुन्हा पुन्हा सारखे करून राहिले होते, ते मले पाहवेना.

"हो," मी म्हटलं. "मी ऐकत होती. बाळापूर ते अमरावती, शनिवारी साडेबारा. चावी बंद करायची असे, ती मी उघडी ठेवे. दोन वर्सं."

मॅडमचा पेन थांबला. "काय ऐकलंत?"

"ते तुमाले नाही सांगत. कोणालेच सांगणार नाही अशी मी सरकारपुढेच सही केली हाय. ते बोलणं या माणसाचं हाय. मी चोरी केली हे लिहा, पाहिजे तं पेन्शन थांबवा. पण ते नाही सांगत."

मॅडमनं पेनाचं टोपण लावलं. "हे मी काही लिहीत नाही मावशी," त्या हळूच म्हणाल्या.

गुरुजी उठले अन् चालू पडले. फाइल टेबलावरच राहिली, ती मी उचलली. स्टेशनपर्यंत ते पुढे, मी मागे. प्लॅटफॉर्मच्या बाकावर ते त्या टोकाले बसले, मी या टोकाले.

"आठ महिने!" शेवटी फुटले. "आठ महिने माझ्या बाजूले बसून चहा पेल्या! मी सरकारच्या नावानं बोंबलून राहिलो, अन् ऐकणारी माझ्याच शेजारी! तुमाले लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणून तं तोंड उघडलं नाही."

"इमानदार म्हणत होतो मी तुमाले."

"नका म्हणू आता. घाला शिव्या. सरकारले घालता तशा घाला, मी ऐकून घेईन."

त्याहिनं शिव्या घातल्या नाहीत. उठून नळावर गेले, तोंडावर पाणी मारलं, रुमाल न काढता तसेच आले. या बारी माझ्या जवळ बसले. आवाज पार खाली गेला होता.

"सांगा मंग. विचारलं का मी तिले?"

खोटं बोलणं लय सोपं होतं. एक "हो" म्हटलं असतं तं म्हातारा सुखी झाला असता. पण न भेटलेल्या टेपच्या जागी आता मीच होती. अन् दुर्गाबाईचं बोलणं सांगायचं तं खरंच सांगावं लागन.

"नाही गुरुजी. एकदाही नाही."

त्याहिची मान खाली गेली. मी म्हटलं, "थांबा. माझं झालं नाही. तुमी फोन ठेवून देत, पण दुर्गाबाई लवकर ठेवत नसत. एका शनिवारी तुमी ठेवला, अन् त्या म्हणे, 'अकोला, लाइनवर हाय ना?' माझी तं बोबडी वळली. म्हणे, 'डरू नका बाई. पहिल्या दिवसापासून माहीत हाय मले. तुमचा श्वास ऐकू येते. आज माझं जरासं ऐका. सकाळी वार्डात माझ्या हातावर एक लेकरू गेलं. दोन वर्साचं. तवापासून घोटभर पाणी घशाखाली उतरलं नाही. पण हे सरकारवर सुरू झाले ना, तं तीन मिनिटं मी सारं विसरली. आता पाहा, भूक लागली.'"

गुरुजीनं माझ्या हाताले धरलं.

"मी विचारलं, 'मंग त्याहिले सांगत काहून नाही?' तं हसल्या. म्हणे, 'नका सांगू बाप्पा! पुढच्या शनिवारपासून कशी हायेस, कशी हायेस करत बसतीन, अन् सरकार राहून जाईन. मले साऱ्या आठवड्यात तेवढंच ऐकायले भेटते.'"

म्हातारा भर स्टेशनात ढसाढसा रडला. लोकं पाहून राहिले होते. रडता रडताच हसले, मंग पुन्हा रडले. तेवढ्यात आमची गाडी लागली, माणसं चढली, मी पिशवी उचलली. गुरुजी काही उठेनात.

"बाई, अजून एक बार सांगा," म्हणे. "ती बोले ना, तसं."

गाडी हलली. मी पिशवी खाली ठेवली, डोळे पुसले, अन् दुर्गाबाईच्या आवाजात पहिल्यापासून सुरू केलं.