कागदावरचं वजन आणि माझं

मी एक जुना ताणकाटा आहे. पितळी तोंड, तडकलेली काच, खाली लोखंडी हूक. पण मित्रांनो, मला बिचारा म्हणू नका. मी बिचारा नाही.

जन्मलो कुठल्याशा कारखान्यात, पण खरा जगलो तो नेपाळातल्या सोलुखुम्बूच्या चढांवर, हर्कधन राईच्या कमरेला. हर्कधन भरिया, म्हणजे कपाळाला पट्टा लावून पाठीवर ओझी वाहणारा. मजुरी किलोवर. व्यापाऱ्याचा काटा चाळीस म्हणायचा, मी सत्तेचाळीस म्हणायचो. व्यापारी मला पाण्यात पाहायचे. पाहोत बापडे!

गेल्या वर्षी हर्कधनची लेक सुप्निमा दहावी पास झाली. अकरावीला तिने कॉम्प्युटर विषय घेतला. शाळा डोंगराच्या माथ्यावर, रोज दीड तासाचा उभा चढ. हर्कधनचे गुडघे चाळिशीतच गेले होते. "माझं झालं ते झालं. पोरीची पाठ मोडू द्यायची नाही," तो म्हणाला. तिच्या पाठीला झेपेल त्या वजनातून पुस्तकं, डबा आणि पाणी वजा जाता लॅपटॉपसाठी दीड किलो उरत होता. म्हणून काठमांडूला खरेदीला निघताना त्याने लेकीबरोबर मलाही घेतलं.

पुतलीसडकच्या कॉम्प्युटरच्या दुकानात सुप्निमाचा मामा तेजबहादुर आधीच येऊन बसला होता. तो शहरात राहतो, त्यामुळे त्याला सगळं कळतं.

"साहुजी, दणकट माल काढा! सोळा जीबी, मोठा पडदा, गेमवालं ग्राफिक्स. आमची भाची काय कुणापेक्षा कमी आहे?"

दुकानदार साहुजींनी एक काळं धूड टेबलावर ठेवलं. "वजन कागदावरच आहे बघा. दोन किलो तीनशे."

"चार्जर धरून?" हर्कधनने विचारलं.

"चार्जर कोण मोजतो, दाइ?" दाइ म्हणजे दादा.

हर्कधनने दोन्ही पिशवीत घालून पिशवी माझ्या हुकाला लटकवली. मी सांगितलं, तीन किलो शंभर.

दुकानात हशा पिकला. "दाइ, बटाटे घ्यायला आलात का?" एका गिऱ्हाइकाने विचारलं. सुप्निमाचे कान लाल झाले. "बा, ठेवा ना तो आत. लोक बघतायत."

खोटं कशाला सांगू, तिचं बोलणं मला फार लागलं. वर साहुजी म्हणाले, "गंजलेला काटा तो! वाट्टेल ते दाखवतोय."

एवढं मात्र मी ऐकून घेणार नव्हतो, आणि हर्कधनही नाही. त्याने समोरची पाण्याची बंद बाटली उचलली, एक लिटरची, आणि माझ्या हुकाला अडकवली. काटा एक किलोवर थांबला, प्लास्टिकपुरता केसभर पुढे. आता हसा की!

सुप्निमाने काट्याकडे पाहिलं, मग बापाच्या आखडलेल्या पायाकडे. पुढे होऊन तिने मला त्याच्या हातातून घेतलं.

"साहुजी, तो तेरा इंची दाखवा. आठ जीबी मला पुरेल. पुढे वाढवायला आत जागा रिकामी आहे ना? आणि बॅटरी किती तास चालते? कागदावरची नको, खरी सांगा. आमच्या शाळेत दिवसा वीज नसते."

साहुजींनी डोकं खाजवलं. "सात तास धर, नानू बाळ. कागदावर दहा लिहिलेत."

"अगं, एवढंसं घेऊन काय करशील?" मामा कळवळला. "दोन वर्षांत जुनं होईल!"

"मग मोठंच घेऊ, मामा. रोज सकाळी चढावर आणून द्यायला तुम्ही येणार ना?"

मामाने चहा मागवला.

तिने तेरा इंची आणि चार्जर एकत्र लटकवले. मी सांगितलं, एक किलो चारशे पन्नास.

तोच घेतला, त्याला आता आठ महिने झाले. मित्रांनो, यंत्र घेताना कागद जरूर वाचा, पण ते रोज कोण वाहणार आहे हेही विचारा. आणि माझ्यासारख्या जुन्याला वर्षातून एकदा थोडं तेल द्या. मी ते उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागतो.

हर्कधनच्या कपाळावर ओझ्याच्या पट्ट्याने पाडलेली खोल खाच आहे. ती आता बुजायची नाही. पण रोज संध्याकाळी पोर घरी आली, की तो तिच्या खांद्यांवरून अंगठा फिरवून पाहतो. अजून तरी तिथे एकही वळ उठलेला नाही.