शेजारच्या सीटचं वजन

९ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळपासून आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही आणि वाराही पडलेला. गाडी तोलायला असाच दिवस लागतो, असं मेकॅनिक म्हणाला आणि तरीही त्याने गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.

या मेकॅनिकला त्याच्या धंद्यातले लोक सोनार म्हणत, कारण तो गाडीची चारही चाकं चार वेगळ्या वजनकाट्यांवर उभी करायचा आणि कोणत्या चाकावर किती भार येतो ते पडद्यावर बघत एकेका स्प्रिंगचा आटा चिमूट चिमूट फिरवत बसायचा. गाडीचा मालक चष्म्याच्या काचा घासणारा, पन्नाशीला टेकलेला, तसाच बारकाईचा माणूस. दोघांचं जमायचं.

गाडी ठेंगणी, राखाडी. पळायला वाऱ्यासारखी आणि बसायला दगडासारखी. बायकोला ती कधीच आवडली नाही. "ही गाडी नाही, पाटा आहे," ती म्हणायची, "आणि मी त्यावरचं वाटण." मग ती आजारी पडली, अंगावरचं मांस उतरत गेलं आणि दवाखान्यात जातायेता रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिच्या हाडांत शिरायला लागला. तेव्हा त्याने तिला शब्द दिला होता, की चांगले शॉकअॅब्सॉर्बर घालू, नव्या स्प्रिंगा टाकू, रिमा एक माप लहान करून जाड कडांचे टायर बसवू. "पाण्यावरून नेल्यासारखं नेईन तुला." सामान बाहेरून यायचं होतं. ते आलं तेव्हा तिचे कपडेही वाटून झाले होते. खोकी परत पाठवायची मेकॅनिकची तयारी होती, पण मालकच म्हणाला, "बसवून टाक."

सगळं बसवून झाल्यावर आधी रिकामी गाडी तोलली. मग मेकॅनिकने त्याला आत बसवलं, कारण तोल नुसत्या गाडीचा लावून भागत नाही, चालवणाऱ्या माणसासकट लावावा लागतो.

मेकॅनिक बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"दादा, शेजारच्या सीटवर काय ठेवलंय?"

"काही नाही."

"मग हे एक्केचाळीस किलो कुणाचे? माझी परीक्षा घ्यायला बॅटरी-बिटरी लपवून आणलीत की काय?"

त्याने येऊन सीटखाली हात घालून बघितलं. काट्यांची अदलाबदल केली. "वाकू नका, हात मांडीवर ठेवा," म्हणाला. आकडा हलला नाही. मालक उतरला की रिकाम्या गाडीचं वजन जसंच्या तसं यायचं. तो बसला की त्याचे सत्तर, आणि वर शेजारच्या बाजूला एक्केचाळीस.

"काटा झपाटला बहुतेक," मेकॅनिक हसत म्हणाला, आणि मालकाचा चेहरा बघून हसायचा थांबला.

आकडा त्याच्या ओळखीचा होता. शेवटी शेवटी तिला घरच्या वजनकाट्यावर उभं राहवत नसे, म्हणून तोच तिला उचलून काट्यावर चढायचा. ती त्याच्या खांद्यावरून मान वळवून खालचा आकडा वाचायची आणि तो त्यातून आपले सत्तर वजा करायचा. पहिल्यांदा असं केलं तेव्हा एक्केचाळीस उरले होते. "माझ्याकडे आहे जास्तीचं, घे त्यातलं," तो म्हणाला होता. "घेईन हं," ती त्याच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली होती, "पण मग परत मागायचं नाही."

"आहे तेवढं धरून तोल लाव," त्याने मेकॅनिकला सांगितलं.

"रिकाम्या सीटचं धरून?"

"हो."

मेकॅनिकने पान्याने डोकं खाजवलं आणि कामाला लागला.

त्या दिवशी तो मुद्दाम रेल्वेच्या फाटकावरून घरी गेला. तिथल्या रुळांवर ती हमखास कळवळायची. सवयीने त्याने श्वास रोखून धरला. गाडी रुळांवरून अलगद उतरली, आणि शेजारून काहीच आवाज आला नाही. स्टिअरिंगवरचे हात सैल सोडले तरी गाडी सरळ जात होती. पुढचे काही दिवस तो दुकानातून लांबच्या रस्त्याने घरी यायचा, बाजूला न बघता दिवसभरातलं काहीबाही सांगायचा. रस्ता वाईट आला की "आता जरा खड्डे आहेत हं" असंही म्हणायचा. त्याला बरं वाटत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याची त्याला भीतीही वाटत होती.

महिना संपता संपता गाडी त्याच्या स्वतःच्या बाजूला ओढायला लागली. त्याने टायरमधली हवा बघितली, चारही टायरांवरून हात फिरवला. झीज सारखी होती. काय झालं असणार ते त्याला गॅरेजमध्ये जायच्या आधीच कळलं होतं.

"छत्तीस," मेकॅनिक म्हणाला. "स्प्रिंग बसली म्हणावी, तर उंची होती तेवढीच आहे."

छत्तीस झाले त्या दिवशी ती हसली होती. "बघा, इतक्या वर्षांनी आपला छत्तीसचा आकडा झाला एकदाचा."

"तोल लाव," तो म्हणाला.

"लावतो. पण दादा, एक सांगू? गाडी विका. आणि तुमच्या बहिणीला चार दिवस बोलावून घ्या. घरात एकटं बसून माणूस बरं राहत नाही."

"मी एकटा कुठे बसतो?"

मेकॅनिकने त्याच्याकडे बघितलं आणि पाना उचलला.

त्यानंतर त्याने गाडी चालवणंच सोडलं. धक्क्यांनी ती झिजत असेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. दुकान बंद केलं की तो इमारतीखाली उभ्या गाडीत जाऊन बसायचा, किल्लीला हात न लावता, श्वाससुद्धा बेताने घेत. दवाखान्यातही तो असाच बसायचा. पण एक्केचाळीस, छत्तीस आणि त्यापुढे एकतीस, हे त्याला पाठ होतं. एकतीसनंतर त्याने तिला काट्यावर नेलंच नव्हतं, कारण त्याच आठवड्यात उचलून न्यायला कुणी उरलं नव्हतं. किती राहिलंय हे कळल्याशिवाय त्याला राहवेना, आणि शेवटी एका दुपारी, दर गतिरोधकाला जवळजवळ थांबत, त्याने गाडी गॅरेजवर नेली.

मेकॅनिकने आकडा मोठ्याने वाचला नाही.

"सांग," तो म्हणाला.

"एकतीस."

एकतीसनंतर काय उरतं, ते त्याला कुणी सांगायला नको होतं.

"मी जरा बसतो आतच," तो म्हणाला.

"बसा ना. मी जेवून येतो. फक्त उतरताना दार आपटू नका, काटे हलतात."

पावलं लांब गेली. अर्ध्या शटरखालून आलेला उजेड जमिनीवर पट्टीसारखा पडला होता. त्याने आधी शेजारच्या सीटचा पट्टा ओढून लावला, मग आपला. हात मांडीवर ठेवले. बाजूला बघितलं नाही.

"घे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "परत मागणार नाही."

नव्या स्प्रिंगेतून बारीकसा आवाज आला. त्याच्या बाजूने गाडी केसभर वर उचलली गेली, कुणी उतरल्यावर उचलली जाते तशी.

मेकॅनिक हात पुसत आला तो सरळ पडद्याकडेच गेला. गाडीकडे त्याची पाठ होती.

"उतरलात वाटतं, दादा. बरं केलंत. घरी जाऊन दोन घास खा आता." पडद्यावरची धूळ त्याने अंगठ्याने पुसली. "पण मग शेजारी एवढे कसे?"

मालक चालकाच्या सीटवर, पट्टा लावून, मांडीवर हात ठेवून बसलेला होता.

चालकाच्या सीटचं वजन शून्य भरलं. शेजारच्या सीटचं एकशे एक. एकूण वजनात फरक नव्हता.