सौम्य केलेली साक्ष

दोन माणसांच्या मध्ये उभं राहून निरोप पोचवायची पाळी कुणावर येत नाही? सासू म्हणते, "तिला सांग, तुला काडीचं वळण नाही." आपण आतल्या खोलीत जाऊन सुनेला सांगतो, "आई आज जरा दमल्यात." घरात शांतता राहते आणि आपल्याला वाटतं, चला, एक भांडण टळलं! वाचकहो, आपल्यातले निम्मे लोक हे काम रोज करतात. या गोष्टीतल्या दुभाषीबाई तर त्यात पटाईत होत्या.

त्या लग्न होऊन या देशात आल्या. माहेर लांबचं, गरीब, सासर सुखवस्तू. सासरी माहेरचं उणं बोलायचं नाही आणि माहेरी सासरचं, हा नेम त्यांनी वर्षानुवर्षं पाळला. नवरा चेष्टेनं म्हणायचा, "हिच्या तोंडून शिवीसुद्धा आशीर्वाद होऊन बाहेर पडते." दोन्ही देशांच्या भाषा जिभेवर असल्यानं त्यांना दुभाष्याचं काम मिळालं. आधी दवाखान्यात, मग कोर्टात आणि शेवटी थेट संसदेत.

हा देश दरवर्षी गरीब देशांना मदत देई. कुठे शाळा, कुठे विहिरी, कुठे दवाखाने. पैसा अर्थातच लोकांच्या करातला. तो नीट लागला का, हे मदत खात्याला विचारण्यासाठी संसदेची एक समिती होती. पण समितीचं विचारणं म्हणजे नुसता उपचार झाला होता. अधिकारी अहवाल वाचत, सभासद माना डोलावत, चहा येई, ठराव मंजूर होई. त्या वर्षी मात्र अध्यक्षबाईंनी हट्ट धरला, की मदत देणाऱ्यांचं फार ऐकलं, आता ज्यांना मिळाली त्यांच्यातलं कुणीतरी बोलवा. अध्यक्षबाईंना सगळे पाठीमागे 'कात्री' म्हणत. कुणाचं भाषण लांबलं की त्या मधूनच कापत.

साक्षीला आली दुभाषीबाईंच्याच माहेरच्या मुलखातली एक शिवणकाम करणारी बाई. साठीच्या आसपासची, अंगानं बारीक, बोटांची टोकं सुयांनी खरबरीत झालेली. तिच्या गावाजवळ या देशाच्या पैशातून बाळंतपणाचा दवाखाना बांधला होता.

बैठकीआधी मदत खात्याच्या उपसचिवांनी दुभाषीबाईंना दाराशी गाठलं. माणूस वाईट नव्हता. उलट मदत खात्यासाठी जिवाचं रान करणारा होता.

"बाई, साक्षीदार जरा भावनेच्या भरात बोलेल. सभासद बिथरले तर पुढच्या वर्षीची मदतच थांबवतील. शेवटी भलं तुमच्याच माणसांचं आहे. तेवढं सांभाळून घ्या."

"सांभाळून घेते," दुभाषीबाई म्हणाल्या. सांभाळून घेणं तर त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं.

आणि खरं सांगायचं तर त्यांना मनातून थोडी लाजही वाटत होती. आपल्या माहेरची माणसं, ज्यांनी दिलं त्यांच्याच दारात तक्रार घेऊन आलेली! हे इथल्या लोकांना कसं दिसेल?

बैठक सुरू झाली. दुभाषीबाईंनी जसंच्या तसं सांगण्याची शपथ घेतली. शिवणवाली बाई माइकसमोर बसली आणि शांतपणे बोलू लागली.

"दवाखाना फार सुंदर बांधलाय. पांढऱ्या भिंती, निळी दारं. माझ्या धाकटीला कळा सुरू झाल्या तेव्हा मी तिला तिथंच नेलं. शेजाऱ्याच्या हातगाडीवरून. फाटकाला कुलूप होतं. राखणदारानं उघडलं. आत खाटा होत्या, प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेल्या. माणूस एकही नव्हता. सुईण नाही, नर्स नाही. नळ उघडला तर त्याला पाणी नाही. राखणदार म्हणाला, इमारत झाली पण माणसं नेमलीच नाहीत. मी लेकीला त्या प्लास्टिकवर निजवलं. ती माझा हात धरून म्हणत होती, आई, कुणीतरी येईल ना? मी म्हटलं, येईल गं. कुणी आलं नाही. उजाडता उजाडता ती गेली. बाळ दुपारपर्यंत होतं."

दुभाषीबाईंनी प्रत्येक शब्द नीट ऐकला होता. पण सवय कुठली सुटायला! त्या समितीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "साक्षीदार म्हणतात, की दवाखान्याची इमारत सुंदर आहे. मात्र मनुष्यबळाच्या आणि पाण्याच्या काही अडचणींमुळे त्यांच्या मुलीला वेळेवर सेवा मिळू शकली नाही. कुटुंबाला दुःखद प्रसंगाला तोंड द्यावं लागलं. तरीही इमारतीबद्दल त्या आभारी आहेत."

आभाराचं तर ती बाई बोललीच नव्हती!

सभासदांनी माना डोलावल्या. झुपकेदार मिशांचे एक सभासद 'आभारी' शब्द ऐकून साक्षीदाराकडे पाहत प्रसन्न हसले. उपसचिवांनी सुटकेचा श्वास सोडला. अध्यक्षबाईंनी चहाची सुट्टी दिली.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात एका खिडकीपाशी दोघी उभ्या राहिल्या. शिवणवाल्या बाईनं चहाचा कप हातात धरला होता, पण पीत नव्हती.

"पोरी, एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा ना, मावशी."

"तुमच्याकडे माणूस गेल्याचं ऐकलं, की हसायची रीत आहे का?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. परका देश, परक्या रीती, असेलही तसं, असं तिनं स्वतःची समजूत घालून विचारलं होतं. दुभाषीबाईंना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"मावशी... मी जरा सौम्य करून सांगितलं."

"सौम्य म्हणजे?"

"म्हणजे... अडचण आली, असं."

म्हातारीनं कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"अडचण," ती म्हणाली. "धागा तुटतो ना मशीनवर, त्याला मी अडचण म्हणते."

"मावशी, माझा हेतू वाईट नव्हता हो! ही देणारी माणसं आहेत. ती दुखावली तर हात आखडतील. आपण घेणारे. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात ना?"

"दात नको मोजूस. पण गाय गोठ्यात आली का, तेवढं तरी बघशील? आमच्याकडे नुसता गोठा आला, पोरी. रंग दिलेला. गाय आलीच नाही आणि इथं सगळे समजतात की आम्ही दूध पितोय."

दुभाषीबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"माझा देणाऱ्यांवर राग नाही," म्हातारी पुढे म्हणाली. "कुठली कोण माणसं, आमच्या लेकीबाळींसाठी घासातला घास काढतात. पण त्यांना खरं कळलंच नाही तर ती पुढच्या वर्षी पलीकडच्या गावात असाच दवाखाना बांधतील. पुन्हा पांढऱ्या भिंती, पुन्हा कुलूप. त्या गावातही कुणाची तरी धाकटी असेल ना? माझी काही परत येत नाही. मी रडगाणं गायला एवढ्या लांब आले नाही, पोरी. त्या दुसरीसाठी आले. आणि तू मला वाटेतच गप्प केलंस."

आयुष्यभर ज्याला आपण गुण समजत आलो, तो एवढा क्रूर असू शकतो! दुभाषीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. म्हातारीनंच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जिची लेक गेली होती, ती समजूत घालत होती!

चहानंतर सभासद जागेवर बसले. अध्यक्षबाई पुढचा विषय पुकारणार, तोच दुभाषीबाई उभ्या राहिल्या.

"अध्यक्षबाई, मी चूक केली. साक्ष जशी दिली तशी मी सांगितली नाही. मला ती पुन्हा सांगू द्या."

उपसचिव ताडकन उठले. "भाषांतरात थोडंफार इकडंतिकडं व्हायचंच. वेळ थोडा आहे..."

"बसा," कात्री चालली. मग दुभाषीबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही शपथ घेतली होती. हे कबूल केल्यावर तुमचं इथलं काम जाऊ शकतं, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"मग सांगा."

म्हातारीनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी दुभाषीबाई एकेका वाक्यामागून चालल्या. 'साक्षीदार म्हणतात' हे शब्द त्यांनी टाकून दिले. त्या म्हणाल्या, "मी लेकीला प्लास्टिकवर निजवलं." त्या म्हणाल्या, "ती माझा हात धरून म्हणत होती, आई, कुणीतरी येईल ना?" आणि मग शेवटचं वाक्य आलं. त्या थांबल्या, पाण्याचा घोट घेतला आणि तेही सांगितलं. "बाळ दुपारपर्यंत होतं."

मिशीवाले सभासद खाली बघत होते. आपण कशाला हसलो, ते त्यांना आता कळलं होतं. लाजेचा कधीकधी संताप होतो, तसा त्यांचा झाला.

"बंद करा ही मदत! आपल्या लोकांच्या पैशाचं हे असं होणार असेल तर एक पैसा देऊ नका!"

जिची भीती होती, तेच झालं. म्हातारीनं विचारलं, "ते काय म्हणाले?" दुभाषीबाई क्षणभर घुटमळल्या आणि मग त्यांनी एक शब्दही न बदलता सांगितलं.

म्हातारी माइककडे वाकली. "साहेब, हात काढून घेऊ नका. हात पोचला का, ते बघा. पोचला नसेल तर आणखी थोडा पुढे करा."

अध्यक्षबाईंनी उपसचिवांना विचारलं, "अहवालात 'उद्दिष्ट साध्य' लिहिलंय. कुणी जाऊन पाहिलं होतं?"

"छायाचित्रं आली होती. उद्घाटनाची."

"त्यात एखादी बाळंतीण दिसते का?"

"नाही. आमच्याकडे काम इमारतीचं होतं. माणसं नेमायचं काम तिथल्या सरकारकडे होतं."

"आणि ती नेमली का, हे बघायचं कुणाकडे होतं?"

उपसचिवांनी मान खाली घातली. अध्यक्षबाईंचा आवाजही उतरला. "त्यांना एकट्यांनाच कशाला बोलू? गेल्या वर्षी हा अहवाल आपल्यापुढेच आला होता. आपण सगळ्यांनी तो मंजूर केला. मीही. एकानंही एक प्रश्न विचारला नाही!"

त्या दिवशी ठराव मंजूर झाला नाही. पुढे समितीचे काही सभासद स्वतः जाऊन तो दवाखाना पाहून आले, मिशीवालेही गेले. दोन्ही सरकारांत बोलणी झाली आणि असं ठरलं, की सुईण कामावर रुजू होऊन नळाला पाणी येईपर्यंत कुठलाही दवाखाना 'पूर्ण' म्हणायचा नाही. मदत थांबली नाही. दुभाषीबाईंना मात्र संसदेनं पुन्हा बोलावलं नाही. त्यांनी त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही. शपथ मोडली होती, ती मोडलीच होती.

वर्षभरानं त्या माहेरी गेल्या तेव्हा वाट वाकडी करून शिवणवालीच्या घरी गेल्या. दवाखाना सुरू झाला होता. गावातल्या बायका लेकरं घेऊन तिथून येत होत्या.

"तुम्ही पाहिलात का, मावशी, चालू झालेला?"

म्हातारीनं शिवणावरची नजर वर केली नाही. "नाही गं. बाजाराला जाते, तेव्हा लांबच्या रस्त्यानं जाते. पण लोक सांगतात, रात्री दिवा असतो." मग मशीन थांबवून ती अगदी हळू म्हणाली, "एवढंच जरा आधी कुणी विचारलं असतं, तर..."

ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. दुभाषीबाईंनीही ते पुरं करायचा प्रयत्न केला नाही. त्या नुसत्या तिच्याजवळ बसून राहिल्या.

वाचकहो, आपण मदत देतो, मत देतो, आपल्या वतीनं बोलायला माणसं निवडून पाठवतो आणि मग हात झटकून मोकळे होतो. कुणी खोलात जाऊन विचारू लागला, की त्याला आपण खुसपटं काढणारा म्हणतो. पण दिलेलं पोचलं का, हे विचारणं हा देण्याचाच भाग आहे आणि विचारणाऱ्याला खरं सांगणं हा घेणाऱ्याचा हक्क आहे. कटू सत्य गोड करून सांगणाऱ्याला आपण भला माणूस म्हणतो. तसं म्हणण्याआधी त्या गोडव्याखाली कुणाचा आक्रोश दाबला जातोय, ते पाहावं. प्रश्न वेळेवर विचारायचा असतो, बंधूंनो आणि भगिनींनो. उशिरा विचारला तर त्याचंही उत्तर मिळतं, पण ते ऐकायला ती लेक उरलेली नसते.