हिशेबाबाहेरचा ड्रम

मित्रांनो, निघोजे गावाजवळच्या एका रंगाच्या कंपनीत, आवाराच्या कोपऱ्यात पोट फुगलेला एक जुना ड्रम उभा आहे. तो मी.

लोखंडी पत्रा वाकवून मला घडवलं आणि माझ्यात थिनर भरलं. त्यानं रंग पातळ होतो, पण त्याची वाफसुद्धा पेट घेते. म्हणून माझ्या अंगावर ज्वाळेचं चित्र होतं. ते पाहून माणसं मला जपून हाताळायची. मला त्याचा अभिमान वाटे.

पुढं कंपनीचं काम वाढलं. स्टोअर भरलं, तसं आम्हा काही ड्रमांना मागच्या शेडमध्ये नेऊन वर ताडपत्री टाकली.

तेव्हा आम्रपाली ही नवी सेफ्टी ऑफिसर आली होती. वडील कारखान्यात राबलेले. घरातली ही पहिली ऑफिसर. आवारात पेटणारा माल एकूण किती, हे तिला सरकारला कळवायचं होतं. ठरलेल्या मर्यादेपुढं माल गेला की तपासणी होते, आग विझवण्याची सोय वाढवावी लागते.

तिनं ताडपत्री उचलली आणि ती थबकली.

"सर, हे धरले तर आपण मर्यादेच्या वर जातो."

"मग धरू नका," मॅनेजर उद्धवराव म्हणाले. "हा माल आज ना उद्या संपणारच. आणि तुमची नोकरी अजून पक्की व्हायचीय ना?"

तिनं ताडपत्री हळूच खाली सोडली. मला वाटलं, बरं झालं, आता कुणी हलवणार नाही. तो विचार आठवला की आजही लाज वाटते.

पुढं शेडचा पत्रा गळू लागला, म्हणून चिखलीहून खंडू वेल्डिंगला आला. ताडपत्रीखाली काय आहे, हे त्याला कुणीच सांगितलं नाही. ठिणग्या पडल्या आणि ताडपत्री पेटली. ती ओढून काढायला खंडू धावला. लोकांनी त्याला बाहेर खेचलं, तोवर त्याचे दोन्ही हात होरपळले होते.

बंब आला. जवान शेडकडे निघाले.

"आत काय आहे?"

"काही नाही, भंगार," उद्धवराव पुटपुटले.

"थांबा!" आम्रपाली ओरडली. "आत थिनरचे ड्रम आहेत. मला माहीत होतं. मी मोजले नाहीत."

जवान मागं हटले आणि माझ्या शेजारचा ड्रम फुटला. जवान वाचले. लांबून फेस मारून त्यांनी आग विझवली. मी फुगलो, पण तगलो. मला रिकामं करून चौकशीसाठी इथं ठेवलंय. चौकशीत आम्रपालीनं स्वतःची चूकही लपवली नाही.

मित्रांनो, धोक्याची वस्तू झाकू नका. तिच्याजवळ काम करणाऱ्या माणसाला आधी सांगा.

परवा खंडू त्याचं वेल्डिंगचं मशीन न्यायला आला होता.

"दादा, चुकले मी," आम्रपाली म्हणाली.

"म्याडम, आत काय हाय येवढं सांगितलं असतं, तर मी ठिणगी पाडलीच नसती."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो मशीन उचलायला वाकला, पण त्याची बोटं मिटेनात. मग तिनंच ते उचललं आणि टेम्पोत नेऊन ठेवलं.